दार बंद केल्याने वाद मिटत नाही

एखाद्या कथेवरून वाद पेटला, की आपल्या साहित्यमंडळांतून एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘भांडखोरांना बाहेर काढा, म्हणजे शांतता नांदेल.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू शुद्ध असेलही. परंतु हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, इतिहासातला एक दाखला पाहा. २ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. या तरुण मंडळींत आधीच दोन तट पडले होते. ‘फ्यूचरियन्स’ या गटातील डाव्या विचारांच्या मंडळींना विज्ञानकथेने समाजाच्या प्रश्नांना भिडावे असे वाटे. सॅम मॉस्कोविट्झ आदी संयोजकांना राजकारणाचा हा शिरकाव नको होता. संयोजकांवर हुकूमशाहीचा आरोप करणारी पत्रके संमेलनस्थळी सापडली आणि गटातील सहा जणांना दारातूनच परत पाठविण्यात आले. दैवदुर्विलास असा, की ते पत्रक लिहिणारे डेव्हिड काइल मात्र आत होते! बाहेर राहिलेल्यांत फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ व डोनाल्ड वोल्हाइम होते. पुढे पोल व कॉर्नब्लुथ यांची ‘द स्पेस मर्चंट्स’ (१९५३) ही कादंबरी गाजली. वोल्हाइम यांनी १९७१ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ज्यांना उपद्रवी ठरविले, त्यांनीच त्या साहित्याची धुरा वाहिली. आणि वाद मिटला काय? छे! त्या बहिष्काराची चर्चा कित्येक दशके चालू राहिली.

हे सातासमुद्रापलीकडचे म्हणून झटकून टाकू नये. २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनात उद्‌घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधाच्या धास्तीने मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी उस्मानाबादेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षपदाला, ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून, काहींनी विरोध केला; पण निवड कायम राहिली व संमेलन पार पडले. साहित्याची शोभा कोणत्या निर्णयाने राहिली, हे सांगावयास हवे काय?

मग अध्यक्षाने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. त्याने नियम वाद पेटण्यापूर्वी सांगावेत. ‘ही कथा फसली आहे’ असे कुणी म्हटले, तर त्याला कारणे विचारावीत; ‘लेखिकेला अक्कल नाही’ असे म्हटले, तर तिथेच थांबवावे. मोठ्या आवाजाच्या चौघांनी सारा वेळ खाल्ला, तर मागे बसलेल्या नवोदिताला मुद्दाम बोलते करावे. कारण अशा भांडणात खरे नुकसान त्याचे होते. तो काही न बोलता घरी जातो आणि पुन्हा लिहीत नाही.

धमकी देणाऱ्याला वा वारंवार शिवीगाळ करणाऱ्याला दूर ठेवावेच लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र आधी ताकीद द्यावी, कारण चारचौघांत सांगावे, परतीची मुदत ठरवावी आणि हाच न्याय आपल्या मित्रालाही लावावा. यांतले काहीच न करता जो दार लावून घेतो, त्याने वाद हाताळला नाही, एक बाजू घेतली.

तेव्हा बाहेर काढण्याचा ठराव मांडणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : त्या माणसाचे म्हणणे तुम्ही एकदा तरी शेवटपर्यंत ऐकून घेतले आहे काय?