कोंडी

अलिबागहून रेवदंड्यास जाणारा रस्ता आक्षी, नागाव, चौल या गावांमधून जातो. दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या असून मधला रस्ता अरुंद आहे. सुटीच्या दिवशी मोटारींची रांग नागावच्या समुद्रकिनाऱ्याकडे लोटते. समोरून एस.टी. आली की तिला वाट देण्यासाठी पुढच्या मोटारीने थोडे मागे सरावयाचे असते. परंतु मागची मोटार तिला अगदी भिडून उभी असते, आणि त्याहीमागचा एखादा अधीर गृहस्थ रांग मोडून उजवीकडून पुढे घुसलेला असतो. मग कोणालाच पुढे जाता येत नाही व मागेही येता येत नाही. रुग्णाला अलिबागेस नेणारी गाडीसुद्धा त्यातच अडकून पडते.

वस्तुतः ही कोंडी व्हावी अशी कोणाचीच इच्छा नसते. प्रत्येकाने आपला थोडासा वेळ वाचवू पाहिला आणि त्यातून सर्वांचाच वेळ गेला, एवढेच. रस्ता रुंद केल्याने अडचण काहीशी कमी होईल. पण ‘आधी मी’ ही वृत्ती रुंद रस्ताही अडवू शकते.

मराठी भाषेने राजकारणातील अडवणुकीलाही ‘कोंडी’ हाच शब्द दिला आहे, तो यथार्थ आहे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा निकाल लागला. २८८ जागांच्या त्या सभागृहात एकत्र लढलेल्या दोन पक्षांना मिळून बहुमत होते. परंतु मुख्यमंत्रिपदाविषयी त्यांचे एकमत झाले नाही, आणि १२ नोव्हेंबर रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. त्याच सुमारास अवकाळी पावसाने शेतकऱ्यांची पिके नासली होती. रस्त्यावर काय किंवा राज्यात काय, कोंडीची झळ प्रथम पोहोचते ती अडवणाऱ्यास नव्हे, तर मागे खोळंबलेल्यास!

तथापि प्रत्येक अडवणूक सारखीच निंद्य मानणे अन्यायाचे होईल. याच अलिबाग तालुक्यातील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. कष्ट कुळांनी करावे आणि पिकाचा मोठा वाटा खोतांनी न्यावा, ही रीत त्यांना असह्य झाली होती. त्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली. कुळांनी उपासमार सोसली. पण त्यांची अडवणूक दुसऱ्याची वाट हिरावण्यासाठी नव्हती. त्यांची स्वतःची वाट पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, ती उघडावी म्हणून ते थांबले होते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १९३९ साली कुळकायदा झाला, आणि पुढे १९४९ च्या कायद्याने खोतीच संपुष्टात आली.

मग कोंडीत प्रथम मागे कोणी सरावे? याचे उत्तर घाटातल्या रस्त्याने केव्हाच दिले आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, असा नियम आहे. चढणाऱ्याला चढाचे कष्ट असतात. एकदा थांबल्यावर त्याला पुन्हा निघणे कठीण जाते. उतरणाऱ्याला थांबणे त्या मानाने सोपे असते. हा नियम आधीच ठरलेला असल्यामुळे तो पाळण्यात कोणाची मानहानी होत नाही.

सार्वजनिक जीवनातही हाच न्याय असावा. ज्याच्या हाती सत्ता, संपत्ती वा सोय अधिक, त्याने आधी थांबावे. ज्याच्या माथी भार अधिक, त्याला आधी जाऊ द्यावे. दुसऱ्याला वाट देणारा मनुष्य लहान ठरत नाही. त्याच्यामुळे रस्ता मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या रस्त्याने मग त्यालाही पुढे जाता येते.