जिन्याचा लाकडी कठडा

खाली दुकान आणि माडीवर बिऱ्हाड असलेल्या घरांत जिन्याच्या कठड्याला दिवसभर हात लागत असतो. म्हणूनच त्याचा रंग खरखरीत राहिला तर तो लगेच जाणवतो. दोष बहुधा रंगाऱ्याला किंवा डब्याला दिला जातो. वस्तुतः डबा उघडण्यापूर्वीच निम्मा निकाल लागलेला असतो.

जुना थर घासण्यापूर्वी थोडे थांबावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. असा कठडा कोरडा कधीही घासू नये. वॉटर पेपर ओला करून घासावा, निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, झाडूने उडवू नये. मुले व गर्भवती स्त्रिया त्या दिवशी जिन्यापासून दूर असाव्यात.

नवे लाकूड असेल तर १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवावा. प्रायमरचा पहिला हात सुकला की लाकडाचे तंतू उभे राहतात व पृष्ठभाग पूर्वीपेक्षा खरखरीत लागतो. पुष्कळजण येथेच घाईने रंग चढवतात. खिळ्यांची भोके पुट्टीने भरून, सुकल्यावर २२० नंबरने हलके घासून, पुट्टीच्या जागी पुन्हा प्रायमर द्यावा.

जैन घरात आणखी दोन प्रश्न निघतात. देवदाराच्या गाठींतून राळ वर येऊ नये म्हणून त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावण्याची जुनी रीत आहे. लाख ही किड्यांपासून मिळते. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहेच. त्याऐवजी ॲल्युमिनियमयुक्त वुड प्रायमर चालतो. दुसरा प्रश्न ब्रशचा. तैलरंगासाठी मुरलेले रंगारी डुकराच्या केसांचा ब्रश मागतात. कृत्रिम तंतूंचा चांगला ब्रश घरातूनच आणून द्यावा हे बरे. पाण्याच्या एनॅमलसाठी तर तोच योग्य, कारण प्राण्यांचे केस पाणी शोषून मऊ पडतात.

रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच चांगले बसतात. कातीव खांबांच्या खाचांत रंग साचतो व थोड्या वेळाने ओघळतो. म्हणून आधी खाचा, मग सपाट भाग, आणि वरचा दांडा शेवटी घ्यावा. रंग घट्ट होऊ लागल्यावर ब्रश पुन्हा फिरवू नये. त्याच्या रेषा कायमच्या राहतात. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा हलका पेपर द्यावा व धूळ पुसावी.

दिवाळीपूर्वी घाईने रंग काढण्याची आपल्याकडे सवय आहे, पण पावसाळ्यात लाकडाने ओल धरलेली असते. चातुर्मास संपून हवा कोरडी झाल्यावर काम काढणे अधिक चांगले. ओल्या रंगावर दिव्याच्या उजेडाला आलेले जीव चिकटतात, म्हणून शेवटचा हात सकाळीच द्यावा. डब्यावरची सुकण्याची वेळ पाहिली की चौविहारापूर्वी पृष्ठभाग सुकेल की नाही याचा अंदाज येतो. घरात वृद्ध मंडळी असतील तर त्यांना देरासरातून परत येऊ द्यावे, मगच वरच्या दांड्याला ब्रश लावावा.