स्टिकर बदलला, पावडर कोण बदलणार?

गाळेधारक बंधुभगिनींनो,

26 जुलैच्या रात्री दुसऱ्या मजल्यावर मीटरच्या खोलीतून धूर आला, तेव्हा शिवणकामाच्या गाळ्यातला कारागीर सर्वांत आधी धावला. जिन्याजवळचा लाल सिलिंडर त्याने उचलला, पिन ओढली, दांडा दाबला. फुस्स आवाज झाला, चिमूटभर भुकटी उडाली आणि संपलं. बाहेर रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला होता. ते त्याने हातांनी ओढून बाजूला केले. आज त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत आहेत. त्या सिलिंडरवरच्या स्टिकरवर सर्व्हिसची तारीख आहे 5 जुलै. एकवीस दिवसांपूर्वीची.

जुनं वायरिंग, जिन्यातली खोकी, गेटवरच्या आडव्यातिडव्या दुचाकी यांवर आपलं एकमत आहेच. त्यावर या पत्रकात एक शब्दही नाही. हे पत्रक एकाच गोष्टीविरुद्ध आहे: सिलिंडर न उघडता स्टिकर बदलायचा आणि त्याला सर्व्हिस म्हणायचं.

तो सिलिंडर मी दुसऱ्या दिवशी जाणकाराकडून उघडून घेतला. आत पावडर तळाशी बसून घट्ट झाली होती, पावसाळ्यात बरणीतलं मीठ होतं तशी. स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तरी ढेकूळ फुटेना. मग मी स्टिकर नखाने सोलला. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, असे सात निघाले. सगळ्यांत खालचा 2018 सालचा. सात वेळा कोणीतरी त्या सिलिंडरसमोर उभं राहिलं आणि सातही वेळा फक्त कागद चिकटवून गेलं.

5 जुलैचं कॅमेऱ्याचं चित्रण मी पाहिलं. एक मुलगा पिशवी घेऊन येतो आणि 35 मिनिटांत 44 सिलिंडर उरकतो. चार मजल्यांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यासकट एका सिलिंडरला 48 सेकंदही मिळत नाहीत. खरं काम काय असतं ते ऐका. आधी दाब सोडायचा, डोकं उघडायचं, पावडर बाहेर काढून चाळायची, आतली नळी आणि होज तुंबलेत का पाहायचं, वायसर बदलायचं, पुन्हा भरून वजन करायचं, नायट्रोजनचा दाब द्यायचा, सील लावायचं. शिवाय पावडरच्या सिलिंडरची तीन वर्षांतून एकदा आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची पाच वर्षांतून एकदा पाण्याच्या दाबाखाली चाचणी घ्यायची. यातलं 48 सेकंदांत काय होतं? कागद चिकटतो, एवढंच.

"पण काटा हिरव्यात होता ना!" हे मला आठवड्यात अकरा जणांनी ऐकवलं. हिरवा काटा आतल्या वायूचा दाब दाखवतो, पावडर मोकळी आहे की दगड झाली आहे हे दाखवत नाही. वायू निसटतो, पावडर तळाशी राहते. त्या रात्री तेच झालं. आणि विद्युत पॅनेलजवळच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर तो पुन्हा भरायचा. आपल्याकडे असे सहा सिलिंडर आहेत आणि इतक्या वर्षांत त्यांतला एकही कधी तोललेला नाही.

"फायर ब्रिगेड येतेच की." येते. पण मीटरच्या खोलीतली आग विझवता येते ती पहिल्या दोन मिनिटांत, आणि तेवढ्या वेळात तिथे आपल्यातलाच कोणीतरी असतो, हातात हे लाल नळकांडं घेऊन.

"खर्च परवडत नाही." हा आक्षेप ऐकला की माझा संताप होतो. आपण सिलिंडरमागे 120 रुपये देतो. तेवढ्यात सहा किलो पावडरसुद्धा येत नाही. कोटेशन उघडलं तेव्हाच आपल्याला हे कळायला हवं होतं, आणि ते मंजूर करणाऱ्या ठरावावर माझीही सही आहे, याची मला लाज वाटते. 44 सिलिंडरांचे 5,280 रुपये झाले. गेल्या दिवाळीत दर्शनी भागावरच्या रोषणाईला आपण 65,000 रुपये मोजले, तेव्हा परवडत नाही असं कोणी म्हणालं नाही.

"बी फॉर्म दिलाय, कायद्याने आपण मोकळे." नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा ही जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकतो. बी फॉर्म म्हणजे जानेवारीत आणि जुलैत द्यायचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, आणि तो यंत्रणा चालू स्थितीत आहे असा. चालू स्थिती नसताना दिलेला दाखला म्हणजे खोटं बोलणं, आणि त्याच्या बळावर निर्धास्त झोपणारे आपणही त्यात सामील आहोत.

कागदाने आग विझत नाही हे 2021 सालाने आपल्याला दाखवलं. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभागात 15 रुग्ण गेले, नोव्हेंबरमध्ये नगरला 11. आदेश होते, अहवालही झाले असतील. दहा बाळांच्या आयांना त्यातला कोणता कागद दाखवायचा?

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे 44 सिलिंडर खाली वाहनतळात आणायचे आहेत. पहिल्या मजल्यावरच्या धान्यवाल्यांनी वजनकाटा द्यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक सिलिंडर सर्वांसमोर तोलला जाईल, जुने स्टिकर सोलले जातील आणि पावडरचे दहा सिलिंडर, कोणते ते तुम्ही निवडायचे, जाणकार उघडून दाखवतील. प्रत्येक गाळ्यातून निदान एका माणसाने यावं. कारागीरही येणार आहे. त्याला उभं राहवत नाही, म्हणून एक खुर्ची आणा.