एक्कावन्न पाहुणे आणि एक पिवळा बल्ब

पहाटे पावणेसहाला मोबाइल वाजला की माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या पोटात गोळाच येतो. कुठल्या तरी एडिटरला कॉपीत चूक सापडलेली असते, नाहीतर घरमालकाला भाडं आठवलेलं असतं. यावेळी मात्र पलीकडून टेम्पोवाला बोलत होता. ‘ताई, फाट्यावर आलोय. खोकं घ्यायला या. जरा पटकन, वारं लागतंय पिल्लांना.’

मी भोरजवळच्या एका गावात, आत्याच्या घरी होते. आत्याचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, आणि तिने दोन महिन्यांपूर्वी ॲडव्हान्स भरून बुक केलेली एक दिवसाची पन्नास पिल्लं दारात येऊन ठेपलेली. बेंगळुरूच्या दादाने फोनवर ‘कॅन्सल कर ना’ म्हणून पाहिलं. आत्याने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, ‘तू येतेस का चार दिवस? लॅपटॉप इथेही चालतो म्हणतेस ना?’ आता यावर काय बोलणार? स्वारगेटहून एसटी पकडली.

यामागे थोडी फॅमिली हिस्टरी आहे. आत्तोबा गेल्यापासून दादाचा एकच धोशा: घर विक आणि माझ्याकडे ये. आत्याचं एकच उत्तर: माझ्या कोंबड्या आहेत. अंड्यांचे पैसे हे तिचे स्वतःचे पैसे. त्यातून गॅस, फोनचं रिचार्ज आणि भाच्यांच्या वाढदिवसाची पाकिटं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि इकडे भोरातही कोणी अंड्याला हात लावेना, तेव्हाही तिने खुराडं मोडलं नव्हतं. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी मानमोडी आली. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावावरून. कोंबडीची मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि मग काही करता येत नाही. आठ दिवसांत चाळीस कोंबड्या गेल्या. त्यावर्षी लस द्यायची राहिली होती. आत्या त्याविषयी बोलत नाही, पण दोन वर्षं खुराडं रिकामं होतं. ही पिल्लंही गेली असती तर दादाला पुन्हा फोन करावाच लागला नसता.

तर, खोकं. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा डबा, आत चार कप्पे, एकेका कप्प्यात पंचवीस. आमचे दोन कप्पे भरलेले, दोन रिकामे. मी मोजली तर एक्कावन्न निघाली. ‘शंभराला दोन जास्त देतात, वाटेतल्या मरतुकीचे,’ टेम्पोवाला इतक्या सहज म्हणाला की मला कसंतरीच झालं. रात्रभर प्रवास, ना पाणी ना दाणा, आणि तरी ही पिवळी-तपकिरी मंडळी चिवचिवाट करून फाटा डोक्यावर घेत होती. कारण मोठं गमतीचं आहे. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. तो डबा त्याला दोन दिवस सहज पुरतो. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं गावोगाव पाठवता येतात.

ही ग्रामप्रिया जातीची. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने खास परसातल्या अंड्यांसाठी तयार केलेली. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही परसातही दीडशेच्या वर जाते. ‘सगळ्या माद्या ना?’ मी विचारलं. आत्या हसली. ‘न निवडलेली आहेत. निम्मे कोंबडे निघतील. ते चार महिन्यांनी विकायचे.’ मोठ्या लेयर फार्मसाठी पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात, आणि नर अंडीही देत नाहीत, मटणालाही परवडत नाहीत, म्हणून त्यांना हॅचरीतच मारतात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. आपल्याकडे तशी नाही. मी ऑम्लेट सोडलेलं नाही, पण ही माहिती डोक्यातून जात नाही, एवढं खरं.

घरी तयारी झालेली होती. भाताच्या तुसाचा थर, भोवती पत्र्याचं गोल कडं. गोलच का? तर कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तुसावर पहिले काही दिवस कागद अंथरायचा, नाहीतर ती दाणा समजून तूसच खातात. रद्दीचं काम माझ्याकडे होतं. मी पुण्याहून ऐटीत याच साप्ताहिकाचे जुने अंक आणले होते, अर्थात माझ्या कॉलमवाले. आत्याने डाव्या हाताचा तळवा पानावरून फिरवला आणि अंक परत केला. ‘हे नको. गुळगुळीत आहे. पिल्लांचे पाय फाकतात, मग कायमची अधू होतात.’ शेवटी साधं वर्तमानपत्र चुरगळून पसरलं. माझ्या लेखनावर इतका स्पष्ट अभिप्राय आजवर कोणी दिला नव्हता.

दुसरा पचका बल्बचा. पिलामागे दोन वॅट, म्हणजे पन्नासांना शंभर वॅट, हा हिशोब फोनवर ऐकून मी चांगला महागातला एलईडी आणला होता. एलईडी उजेड देतो हो, ऊब कुठून देणार? आत्याने ट्रंकेतून तारेचा जुना पिवळा बल्ब काढला, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. आत्याकडे थर्मामीटर नाही. ‘पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून कडेला पळाली तर उकाडा, एकाच बाजूला सरकली तर कुठूनतरी वारं येतंय. सगळीकडे पांगून खेळली की आपण जेवायला मोकळे.’

मग एकेकाला उचलून त्याची चोच गूळपाण्यात बुडवायची. एक्कावन्न वेळा. एकदा चव कळली की आपापलं पितात. भांड्यात गोट्या टाकलेल्या, नाहीतर बोटभर पाण्यातही बुडतात ही शहाणी. दोनेक तासांनी मक्याचा भरडा. आणि शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झालीय का हे बघायचं, झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसायचं. मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत हा पेपर नव्हता.

रात्री एक वाजता लाइट गेली.

फेब्रुवारीतली रात्र, बाहेर बऱ्यापैकी गारठा. पाच मिनिटांत चिवचिवाटाचा सूर बदलला, उंच आणि चिरका झाला. टॉर्च मारला तर एक्कावन्नच्या एक्कावन्न एका ढिगात. आत्याला शेगडी पेटवायची होती, पण बंद खोलीत कोळशाचा धूर नको म्हणून तिनेच तो बेत सोडला. मग घरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर निघाल्या. पाणी उकळायचं, बाटलीत भरायचं, फडक्यात गुंडाळून ढिगाच्या मधोमध ठेवायची. तासाभरात गार झाली की पुन्हा. वरून गोणपाट, हवेला फट ठेवून. आत्या एका हाताने ढीग फोडत राहिली, खालची पिल्लं वर, वरची बाजूला. मी बाटल्या भरत राहिले. दोघी फारसं बोललो नाही. मध्येच ती म्हणाली, ‘त्या वेळी मी लस आणायला भोरला जायचं दोनदा पुढे ढकललं. लग्नं होती.’ मी बाटलीचं झाकण घट्ट करत बसले.

साडेचारला बल्ब लागला. उजाडल्यावर दोन पिल्लं कागदावर आडवी होती, तिसरं दुपारी गेलं. अठ्ठेचाळीस उरली. मी रडले, आत्या नाही. तिने लिंबाखाली खड्डा माझ्याकडून खणून घेतला आणि पाण्याची भांडी धुवायला लावली.

चार दिवसांचे सात झाले. पुण्यातली एक मीटिंग हुकली, आणि ते काम बहुधा गेलं. पण सातव्या दिवशी लासोटा द्यायची होती आणि एका हाताने पिल्लू धरून डोळ्यात थेंब टाकता येत नाही. आधी भोरहून बर्फाच्या थर्मासमध्ये लस आणली, वाटेत कुठे चहालाही थांबले नाही. कुपी शंभर डोसची, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. म्हणून आत्याने शेजारच्या वहिनींना त्यांच्या कोंबडीखालची बारा पिल्लं डालग्यात घालून आणायला सांगितलं. मी धरायचं, पापणी उघडायची, आत्याने डाव्या हाताने एक थेंब. थेंब आत गेला की पिल्लू डोळा मिटतं, मग सोडायचं. तिचा हात पहिल्या पाच-सहांना थरथरला, नंतर नाही.

शेवटी मोजणी. सत्तेचाळीस. पुन्हा मोजली, सत्तेचाळीस. आत्याचा चेहरा उतरला. कडं उचललं, गोणपाट झटकलं, वहिनींची बारा दोनदा तपासली. अठ्ठेचाळिसावं आत्याच्या गळ्यातल्या झोळीत, प्लास्टरला टेकून गाढ झोपलेलं होतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. स्पीकरवर होता. ‘आई, मग काय ठरवलंस?’

‘आत्ता नको रे,’ आत्या भरडा चाळत म्हणाली. ‘पाच महिन्यांनी विचार. तेव्हा तलंगा अंड्यावर येतील, मला तर मुळीच वेळ नसेल.’