समजून घ्या : ‘डॉल्बी’चा जन्म गोंगाट कमी करण्यासाठी, ‘भिंत’ स्पष्ट आवाजासाठी, मग मिरवणुकीत कानठळ्या का बसतात?

नायगाव (जि. नांदेड) : गणेश विसर्जन असो, जयंतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात; ट्रॅक्टर-ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली स्पीकरची ‘भिंत’ जवळ आली की दुकानांची शटर थरथरतात, खिडक्यांच्या काचा वाजतात आणि छातीत धडधड सुरू होते. मराठवाड्यात याला ‘डीजे’ म्हणतात. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ‘डॉल्बी’. नाव वेगळं, तक्रार एकच.

पण या यंत्रणेचा इतिहास पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं. स्पीकरची पहिली मोठी भिंत एका अमेरिकन रॉक बँडने उभी केली, ती शेवटच्या प्रेक्षकालाही गाण्याचे शब्द नीट कळावेत म्हणून. आणि डॉल्बी नावाच्या माणसाने नाव कमावलं ते नको असलेला आवाज कमी करण्याच्या कामातून. तंत्र आपल्या गावापर्यंत आलं, त्यामागचा उद्देश मात्र वाटेत हरवला.

आधी अडचण काय होती?

१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘बीटल्स’चा कार्यक्रम होता. प्रेक्षक सुमारे ५५ हजार ६००. गिटारसाठी खास बनवून घेतलेले अँप्लिफायर होते, प्रत्येकी फक्त १०० वॉटचे. गायकांचा आवाज स्टेडियममध्ये घोषणा देण्यासाठी बसवलेल्या भोंग्यांवरून सोडला गेला. चाहत्यांच्या किंकाळ्यांत गाणं जवळपास बुडून गेलं. वादकांना स्वतःचं वादनही धड ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, बीटल्सने दौरे थांबवले. त्याची कारणं अनेक होती, हे त्यातलं एक.

थोडक्यात, गर्दी स्टेडियमची झाली होती, पण ध्वनियंत्रणा अजून सभागृहाचीच होती.

‘ग्रेटफुल डेड’ची भिंत कशी होती?

सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने हा प्रश्न अभियांत्रिकीचा म्हणून हाताळला. त्यांचे ध्वनितज्ज्ञ आउस्ली स्टॅन्ली आणि ‘अलेम्बिक’ कंपनीतले रॉन विकरशॅम यांच्यासह एका चमूने १९७४ मध्ये ‘वॉल ऑफ साउंड’, म्हणजे आवाजाची भिंत, उभी केली. २३ मार्च १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या ‘काऊ पॅलेस’ सभागृहात ती पहिल्यांदा पूर्णपणे वाजली.

आकडे आजही थक्क करतात. सुमारे ६०० स्पीकर, २६ हजार ४०० वॉट शक्ती, ७५ टनांच्या आसपास वजन. वाहतुकीला चार मोठे ट्रेलर आणि २१ जणांचा चमू लागायचा.

पण खरी हुशारी आकाराच्या पलीकडे, तीन गोष्टींत होती.

● प्रत्येकाला वेगळे स्पीकर. गिटार, गायन, ड्रम, पियानो यांचे स्पीकर स्वतंत्र होते. बेस गिटारच्या तर चारही तारांना वेगवेगळी वाट देता यायची. एकाच स्पीकरवर सगळी वाद्यं लादली की आवाज एकमेकांत मिसळून फाटतो. इथे ती शक्यताच कमी केली.

● ताकद होती, पण राखीव. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाज खरखरतो. हातात भरपूर शक्ती ठेवली की यंत्र ताणावं लागत नाही.

● माईकची कुई बंद. भिंत वादकांच्या मागे होती, म्हणजे स्पीकरचा आवाज थेट माईकमध्ये शिरणार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकासमोर दोन माईक उलट्या जोडणीने लावले. गायक एकातच गायचा. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि उलट जोडणीमुळे एकमेकाला रद्द करायचा. उरायचा तो गाणाऱ्याचा आवाज.

ही यंत्रणा शेकडो फुटांवरही स्वच्छ ऐकू यायची. मात्र खर्च आणि दगदग पेलवली नाही. ऑक्टोबर १९७४ मध्येच बँडने दौऱ्यांना विराम दिला आणि भिंत मोडीत निघाली.

मग आजचे लटकते स्पीकर कुठून आले?

भिंत गेली, तरी तिच्यातली एक कल्पना टिकली : स्पीकर एका उभ्या ओळीत लावणं. एकट्या स्पीकरचा आवाज चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने घटतो. उभ्या ओळीतून निघालेला आवाज वर-खाली कमी आणि आडवा जास्त पसरतो. ठरावीक अंतरापर्यंत तो दुपटीमागे ३ डेसिबलनेच घटतो. म्हणून पुढच्या रांगेच्या कानठळ्या न बसवता मागच्या रांगेपर्यंत पोहोचता येतं.

१९९२ मध्ये फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन हाइल यांच्या ‘एल-अ‍ॅकॉस्टिक्स’ कंपनीने याच तत्त्वावर ‘व्ही-डॉस्क’ यंत्रणा आणली. मोठ्या जाहीर कार्यक्रमांत मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे वळलेले जे स्पीकर लटकलेले दिसतात, त्या ‘लाइन अ‍ॅरे’चा आधुनिक काळ तिथून सुरू झाला.

आणि ‘डॉल्बी’?

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. त्या काळी टेपवर ध्वनिमुद्रण केलं की मागे सतत ‘सस्स’ असा आवाज येत राहायचा. तो कसा घालवायचा, याची कल्पना त्यांना भारतातल्या मुक्कामात सुचली. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी ‘डॉल्बी लॅबोरेटरीज’ सुरू केली.

युक्ती सोपी होती. मुद्रण करताना हळू आवाज मुद्दाम वाढवून टेपवर घ्यायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. त्यांच्याबरोबर टेपची सस्सही खाली जाते. पुढे कॅसेट प्लेअरवर ‘डॉल्बी’चं चिन्ह दिसू लागलं, मग सिनेमागृहांत. तिथून हे नाव ‘भारी आवाज’ या अर्थाने आपल्या बोलण्यात रुजलं. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’चा मूळ तंत्राशी संबंध उरला आहे तो एवढाच.

रस्त्यावर नेमकं बिघडतं कुठे?

पहिली अडचण ‘बेस’ची. ५० हर्ट्झच्या धडधडीची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. स्पीकरच्या ओळीला आवाजाची दिशा सांभाळायची तर तिची उंची लहरीच्या लांबीहून मोठी हवी. ट्रॉलीवरची भिंत तेवढी उंच नसते. त्यामुळे गाण्याचे शब्द समोर जातात, पण धडधड चारही दिशांना पसरते. समोर नाचणाऱ्यांसाठी लावलेला बेस मागच्या गल्लीत झोपलेल्या तान्ह्या बाळापर्यंत आणि रक्तदाबाची गोळी घेऊन पडलेल्या आजोबांपर्यंत पोहोचतो, तो असा. विटांची भिंतही त्याला फारशी अडवत नाही.

दुसरी अडचण जागेची. ‘ग्रेटफुल डेड’ची भिंत मोठी सभागृहं आणि खुली मैदानं यांसाठी होती. नायगावसारख्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर असतं. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून आवाज परत येतो. शब्द घोळतात. मग ते कळावेत म्हणून ऑपरेटर आवाज आणखी वाढवतो.

तिसरी अडचण वॉटच्या स्पर्धेची. वीज दहापट केली तर आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॉटवरून २६ हजार ४०० वॉटवर गेलं तर शक्ती २६४ पट वाढते, पण बाकी सगळं सारखं असेल तर ऐकायला जेमतेम पाचपट. सुपारीची रक्कम, जनरेटर आणि डिझेल मात्र या गणिताची वाट पाहत नाहीत.

कान किती सोसतो?

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी :

● ८५ डेसिबल – दिवसाला ८ तास
● ८८ डेसिबल – ४ तास
● ९४ डेसिबल – १ तास
● १०० डेसिबल – फक्त १५ मिनिटं

दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजणं ही त्याचीच सूचना. सगळ्यात जास्त धोका भिंतीच्या अगदी पुढे नाचणाऱ्या पोरांना आणि भिंतीशेजारी तासन्‌तास उभ्या असलेल्या ऑपरेटरला. बंदोबस्तावरच्या पोलिसाचीही त्यातून सुटका नाही.

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० पासून लागू आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : ही सवलत वेळेची आहे, डेसिबलची नाही.

मोजण्यातही एक पळवाट आहे. नियमातला आकडा ‘ए’ पट्टीवर मोजला जातो. ही पट्टी माणसाच्या कानासारखी, म्हणजे खालच्या सुरांना कमी गुण देणारी. ५० हर्ट्झचा आवाज तिच्यावर सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो. त्यामुळे यंत्रावरचा आकडा बेताचा असताना खिडक्या थरथरू शकतात. लोकांची तक्रार धडधडीची असते आणि कागदावर नोंद होते ती दुसऱ्याच आवाजाची.

मग करायचं काय?

‘बंदी घाला’ आणि ‘वर्षातून एकदाच तर वाजतं’ या दोन वाक्यांत ही चर्चा दरवर्षी अडकते. डीजेवर अनेक तरुणांची घरं चालतात. कर्ज काढून साहित्य घेतलेले ऑपरेटर गावोगावी आहेत. सण आनंदाने साजरा करण्याचा हक्कही खरा आहे. पण घरात बसलेल्या माणसाला नको असलेला आवाज न ऐकण्याचा हक्क तेवढाच खरा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं : बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार नव्हे.

मधला रस्ता तंत्रातच आहे. एका ठिकाणी भलीमोठी भिंत लावण्याऐवजी मिरवणुकीत थोड्या थोड्या अंतरावर छोटे स्पीकर. बेसला ठरवून दिलेली मर्यादा. आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊच न देणारा ‘लिमिटर’. दवाखान्यासमोरून जाताना पूर्ण बंद. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही. मंडळाने सुपारी देतानाच या अटी लिहून घेतल्या, तर ऑपरेटरवरही ‘शेजारच्या मंडळापेक्षा जोरात’ वाजवण्याचा दबाव राहत नाही. प्रशासनानेही मिरवणुकीच्या आधीच्या बैठकीत नुसत्या सूचना वाचण्यापेक्षा ध्वनिमापक सोबत आणून बेसची तपासणी करावी.

नागरिकांच्या हातातही काही आहे. मोबाइलवरचं डेसिबल अ‍ॅप न्यायालयात पुरावा म्हणून पुरेसं नाही, पण अंदाज देतं. नियम मोडला जात असेल तर ११२ क्रमांकावर तक्रार करता येते. लहान मुलांना भिंतीपासून दूर ठेवणं आणि पुढे नाचणाऱ्यांनी कानात फोमचे बोळे घालणं, हे तर आजच शक्य आहे.

पन्नास वर्षांपूर्वी एका बँडने ६०० स्पीकर उभे केले, ते शेवटच्या माणसाला प्रत्येक शब्द कळावा म्हणून. आपल्या मिरवणुकीत स्पीकरपासून दहा फुटांवर उभ्या माणसाला गाण्याचे शब्द कळत नसतील, तर ती यंत्रणा भारी नाही, ती चुकीची लावलेली आहे. पुढच्या सुपारीच्या वेळी मंडळाने ‘किती बेस, किती टॉप?’ या प्रश्नासोबत ‘शब्द ऐकू येतील का?’ एवढं जरी विचारलं, तरी फरक त्याच रात्री कळेल.