वस्तीची हरकत कोण ऐकणार?



मिहान प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली, त्याला आता दोन तपे होत आली. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गाला लागून असलेल्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शिवारावर त्या प्रकल्पाची रेषा पडली. कोणाचे शेत गेले, कोणाचे घर गेले, कोणाचे दोन्ही गेले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, एम्स आहे, आय.आय.एम. आहे, खापरीपर्यंत मेट्रो आहे. या सर्वांचा आम्हांला आनंदच आहे. कारण आमची मुलेही त्या दारांतून आत जावीत अशी आमची इच्छा आहे. परंतु या मोठ्या दारांच्या भोवती ज्या लहान वस्त्या वसल्या आहेत, त्यांची कहाणी वेगळी आहे. तेथे रस्ता मागाहून येतो, गटार मागाहून येते, नळ तर सर्वांच्या मागाहून येतो. आणि दारूचे दुकान मात्र वरातीपुढे चालणाऱ्या वाजंत्र्याप्रमाणे सर्वांच्या आधी येऊन उभे राहते.

अशाच एका वस्तीत काही दिवसांपूर्वी मला बोलावणे आले होते. विहारात चाळीस-पन्नास भगिनी जमल्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी एका गाळ्याची रंगरंगोटी चालू होती आणि तो गाळा कशासाठी सजत आहे हे सर्वांना कळून चुकले होते. मी कायद्याची कलमे सांगू लागलो. दुकान सुरू झाल्यावर ते बंद करण्यासाठी मतदान कसे मागता येते, हे समजावू लागलो. तेव्हा धुण्याभांड्याची कामे करणारी एक वयस्क आई उठून म्हणाली, "वकीलसाहेब, दुकान आल्यावर आम्हांला विचारता, मग ते यायच्या आधी का नाही विचारत?"

या प्रश्नापुढे माझी वीस वर्षांची वकिली क्षणभर मुकी झाली. आजचा लेख त्या प्रश्नाचेच उत्तर शोधण्यासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: जेथे दारू विकावयाची, तेथे राहणाऱ्यांची संमती आधी घेतली पाहिजे, आणि ही संमती मागण्याचा मान घराच्या किमतीवर ठरता कामा नये.

प्रथम हे "नवे दुकान" म्हणजे काय ते समजून घ्या. वाइन शॉप आणि देशी दारूची दुकाने यांचे नवे परवाने देणे राज्याने सत्तरच्या दशकात थांबविले. त्यानंतर दशकानुदशके जे दुकान नवे म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत आले, ते बहुधा दुसऱ्या कोठल्या तरी जागेवरून उचलून आणलेला जुना परवाना असतो. याला स्थलांतर म्हणतात. बिअर शॉपी आणि परमिट रूम यांची गोष्ट निराळी; ते परवाने नव्यानेही मिळतात. म्हणजे ज्या परवान्याचा जन्म आपल्या आजोबांच्या काळात, कोठल्या तरी दूरच्या पेठेत झाला, तो आज आपल्या नातवंडांच्या शाळेच्या वाटेवर येऊन बसतो. कागद जुना, वस्ती नवी. कागदाला पाय आहेत. वस्तीला मात्र तोंड नाही, असे गृहीत धरलेले असते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. तो १ एप्रिल २०१७ पासून अमलात यावयाचा होता. लहान गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, नगरपालिका क्षेत्रातील परवानाधारकांना हा आदेश बाधक नाही. न्यायालयाचा हेतू स्तुत्य होता. भरधाव गाडी हाकणाऱ्याच्या हातून कोणाचा जीव जाऊ नये, हा तो हेतू. परंतु रस्त्यावरून हटविलेले दुकान हवेत विरून जात नाही. ते आत सरकते, आणि आत कोण राहते? महामार्गावरच्या वाटसरूची चिंता न्यायालयाने वाहिली. त्या मार्गापासून आत राहणाऱ्या आईची चिंता कोणी वाहावयाची? शिवाय वर्धा मार्गाने थोडे पुढे गेले की सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा लागतो, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या हिशेबात नसेल असे समजण्याइतके आपण भोळे नाही.

आता सरकारचे ऐका. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत उत्पादन शुल्क खात्याच्या मंत्र्यांनी घोषणा केली की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान सुरू करावयाचे असल्यास त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. घोषणा चांगली आहे. मी तिचे स्वागत करतो. परंतु स्वागत करून झाल्यावर विचारतो, ज्यांची सोसायटी नोंदलेली नाही, त्यांचे काय? गावठाणात राहणारा, पुनर्वसनाच्या भूखंडाची वाट पाहणारा, झोपडपट्टीत भाड्याची खोली घेऊन राहणारा, बांधकामावर तात्पुरत्या शेडमध्ये संसार थाटणारा, यांचे सचिव कोण आणि शिक्का कोणता? फ्लॅटधारकाची ना हरकत पाहिजे आणि झोपडीतल्या माणसाची हरकतसुद्धा नको, हा न्याय कोणत्या समतेत बसतो? संविधानाने प्रत्येकाला एक मत आणि एक मूल्य दिले. दारूच्या दुकानाबाबत मात्र मताला मूल्य येते ते लिफ्ट असलेल्या इमारतीत राहिल्यावरच, असा याचा अर्थ होत नाही काय?

दुकानाची तरफदारी करणारे तीन युक्तिवाद नेहमी पुढे करतात. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला युक्तिवाद, व्यापाराच्या स्वातंत्र्याचा. दुकानदार म्हणतो, धंदा करणे माझा मूलभूत हक्क आहे. हे साफ चूक आहे. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, मादक पेयाचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकाला नाही. परवाना म्हणजे राज्याने दिलेली सवलत होय. सवलतीला अटी घालता येतात आणि ती नाकारताही येते. तेव्हा "माझ्या धंद्यावर गदा आली" असा आक्रोश जो करतो, त्याला शांतपणे सांगा की, तुझी ती सवलत आहे. आमच्या मुलीने अंधार पडल्यावर निर्भयपणे घरी येणे हा मात्र तिचा हक्क आहे.

दुसरा युक्तिवाद महसुलाचा. दारूच्या पैशावर शाळा चालतात, असे आपल्याला ऐकविले जाते. शाळा चालतात हे खरे मानले, तरी तो पैसा येतो कोठून? मजुराच्या घरात जो पगार शनिवारी यावयाचा, त्यातूनच तो येतो. एका हाताने बापाच्या खिशातून पोराच्या वह्यांचे पैसे काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच पोराला शाळा दिल्याचे उपकार सांगावयाचे, याला लोककल्याण म्हणत नाहीत.

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. परवान्याचे दुकान नको म्हणाल तर चोरटी दारू येईल, असे म्हणतात. हे भय खोटे नाही. पण हातभट्टी बंद करणे हे पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याचे काम आहे. ते काम त्यांनी केले नाही म्हणून वस्तीने दुकान पत्करावे, हा तर्क कसला? चोरी थांबत नाही म्हणून तिजोरीची किल्ली चोराच्या हवाली करा, असे कोणी म्हणत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही मंडळी या प्रश्नावर बाबासाहेबांचे नाव घेऊन सरसकट सरकारी दारूबंदीची मागणी करतात. परंतु १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवून तो महसूल लोकोपयोगी कामांसाठी मिळवावा, अशीच भूमिका होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपूरच्या भूमीवर आपल्या अनुयायांकडून जी बावीस प्रतिज्ञांची शपथ घेतली, तीत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. या दोन गोष्टींत विसंगती शोधणाऱ्याला बाबासाहेब कळलेच नाहीत. राज्याच्या दंडुक्याने माणूस सुधारत नाही, तो स्वतःच्या निर्धाराने सुधारतो, हा त्यातला मला उमगलेला अर्थ आहे. म्हणून मी तुम्हांला सबंध महाराष्ट्र कोरडा करा असे सांगत नाही. ज्याने निर्धार केला, त्याच्या उंबऱ्यावर रोज संध्याकाळी मोहाची पाटी लावू नका, एवढेच मी राज्याला सांगतो. पंचशीलातील पाचवे शील पाळावयाचे आपण. पण ते पाळणे अवघड करण्याचा परवाना सरकारने का द्यावा?

जिल्ह्याच्या बंदीवर विसंबून राहू नका, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभा अधिवेशनावर पायी चालत आल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. अखेर १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठविली गेली. ज्या बंदीसाठी स्त्रियांच्या पायांना फोड आले, ती उठविताना कोणाच्या पायाला धूळही लागली नाही. यावरून धडा असा की, वरून मिळालेली बंदी वरूनच काढून घेतली जाते. वस्तीने स्वतः बजावलेला हक्क मात्र वस्तीच्या हाती राहतो.

तो हक्क कसा बजावावयाचा? तीन गोष्टी सांगतो. त्या भिंतीवर लिहून ठेवा.

पहिली, आपल्या विहाराची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करा. शाळा व धर्मस्थळ यांपासून ठराविक अंतराच्या आत दारूचे दुकान नको, असा नियम आहे. परंतु त्या नियमाची व्याख्या नोंदणीकृत न्यासाच्या धर्मस्थळाला ओळखते. आपण पै पै जमवून विहार बांधतो, मूर्ती बसवितो, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा उंबरठा मात्र चढत नाही. मग मोजणीच्या दिवशी ते विहार कागदावर नसतेच. वंदना रोज होते, पण सरकारी टेप तेथे थांबत नाही.

दुसरी, गाळ्याला रंग लागला की लगेच हालचाल करा. जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक यांच्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या, माहितीच्या अधिकारात स्थलांतराच्या अर्जाची व मोजणीच्या नकाशाची प्रत मागा. गाव असेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. तोंडी आरडाओरड वाऱ्यावर जाते. पोच असलेला कागद न्यायालयात बोलतो.

तिसरी, दुकान आलेच तर मतदान मागा. २००८ च्या आदेशाने गावाला व प्रभागाला हा मार्ग दिला. किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी अर्ज करावा, सह्यांची पडताळणी व्हावी, गुप्त मतदान व्हावे आणि निम्म्याहून अधिक कौल आडव्या बाटलीला पडला तर दुकान बंद व्हावे, अशी त्याची चौकट. प्रभागासाठी टक्केवारीचा हिशेब बदलण्याची घोषणाही मार्च २०२५ मध्ये झाली. म्हणून अर्जापूर्वी प्रचलित आदेशाची प्रत हाती घ्या. पण मर्म लक्षात ठेवा: जेथे निम्मेपणा यादीतील सर्व नावांवर मोजला जातो, तेथे घरी राहिलेल्या बाईचे मत उभ्या बाटलीलाच जाते. ती काही बोलली नाही, तरी दुकानदाराच्या बाजूने बोलली असे मोजले जाते. म्हणून मतदानाच्या दिवशी कामाला जाणाऱ्या भगिनींनी अर्धा दिवसाची मजुरी बुडविली तरी चालेल. दुकान राहिले तर वर्षभराची बुडणार आहे.

आणि शेवटी, बंधूंनो, एक कटू शब्द तुमच्यासाठी. दुकान परक्याचे असेल. गिऱ्हाईक कोण आहे? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा हाती धरून ज्याचा तोल जातो, तो कोणाचा भाऊ आहे? दीक्षा घेऊन घरातले जुने देव्हारे आपण काढले. त्या रिकाम्या कोनाड्यात बाटली ठेवावयाची असेल, तर देव्हारा काय वाईट होता? स्त्रियांनी सह्या गोळा कराव्यात आणि पुरुषांनी त्याच गाळ्यापुढे रांग लावावी, अशा वस्तीची हरकत कोणता अधिकारी मनावर घेईल?

त्या आईला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. आई, तुम्हांला आधी विचारत नाहीत, कारण न विचारता चालते हे त्यांना ठाऊक आहे. ज्या दिवशी न विचारता चालणार नाही असे या वस्त्या ठरवतील, त्या दिवशी गाळ्याला रंग लावण्यापूर्वी मालक तुमच्या दाराशी येईल. तो दिवस आणणे राज्याच्या हाती थोडे आणि आपल्या हाती पुष्कळ आहे. सह्यांचा कागद विहारात ठेवलेला आहे. या रविवारी वंदनेला याल तेव्हा घरातील प्रत्येक मतदार भगिनीला सोबत घेऊन या.

जयभीम!