परदेशी निघालेले पालथे घडे

मराठी मध्यमवर्गास परदेशप्रवासाची गोडी लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या घराण्यांत आजोबांची मजल काशी-रामेश्वरापलीकडे गेली नव्हती, त्यांतील नातवंडे आज सहकुटुंब टोकियो-क्योतोची वाट धरतात व वसंत ऋतूत तेथील साकुराचा बहर पाहून येतात. परंतु या प्रवासाची तयारी कशी चालते, हे ज्याने जवळून पाहिले असेल त्यास हसू आल्यावाचून राहणार नाही. निघण्यापूर्वी महिनाभर चकल्या, शंकरपाळे, दशम्या, मेतकूट, लोणचे यांचे डबे भरले जातात. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या कंपनीस पहिला प्रश्न जातो तो 'जेवण आपले मिळेल ना?' हा, आणि मागणी तसा पुरवठा या न्यायाने आचाऱ्यासह प्रवासाच्या जाहिराती झळकतात. जपानी भाषेतील चार वाक्ये मात्र कोणाच्याही सामानात नसतात. सात दिवस मंदिरांसमोर छायाचित्रे घ्यावयाची, रोज सायंकाळी वरणभात जेवावयाचा, आणि परत आल्यावर 'देश सुंदर, पण खाण्याचे फार हाल' असा निकाल द्यावयाचा, असा परिपाठच पडून गेला आहे.

हा निकाल आम्हांस मान्य नाही. मनुष्याच्या तोंडास मुख्य कामे दोनच, खाणे व बोलणे. परक्या देशात जो ही दोन्ही बंद ठेवतो, त्यास त्या देशाच्या इमारती दिसतील, झाडे दिसतील, आगगाड्यांचा वेगही दिसेल; परंतु तेथील माणसाशी त्याची गाठ पडणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतले व ते वाहून गेले, तर दोष पाण्यास देण्याची आपल्याकडे रीत नाही. जपानच्या बाबतीतच ती का पडावी?

आणि ही खोड जपानात गेल्यावर जडते असेही नाही. ती घरूनच बांधून नेलेली असते. आम्ही जेथे बसून हे लिहीत आहो, त्या कुंभार पिंपळगावात तिचा अनुभव घेण्यास विमानात बसावे लागत नाही. शहरातील पाहुणे गोदाकाठच्या या मुलखात येतात तेव्हा ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आंबाडीची भाजी आणि धपाटे यांनी भरलेल्या ताटाकडे ते ज्या नजरेने पाहतात, तीच नजर पुढे क्योतोस जाते. 'आम्हांला साधी पोळी चालेल' असे म्हणून यजमानीणबाईंस पुन्हा चुलीपाशी बसविणारे आणि मराठवाड्याच्या बोलीस मागाहून हसणारे गृहस्थ बहुधा एकच असतात. अन्नाचा कंटाळा आणि बोलीचा तिटकारा ही दोन जुळी भावंडे आहेत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर आमच्यावर नसता आळ येईल. व्रत निराळे आणि खोड निराळी. जो धर्मबुद्धीने, दयाबुद्धीने वा प्रकृतीच्या कारणाने मांसमत्स्य वर्ज्य करतो, त्याच्या ताटात हात घालण्याचा अधिकार कोणासही नाही. वृद्ध मंडळी, मधुमेही, लहान मुले यांची सोय पाहिलीच पाहिजे. परंतु 'मला वास आवडत नाही', 'दिसतेच कसे तरी', 'आमच्यात असले खात नाहीत' ही कारणे व्रताच्या पंगतीला बसवू नयेत. आयुष्यभर सुरमई-पापलेट चवीने खाणारा कोकणी गृहस्थ जपानी मासळीपुढे नाक मुरडतो, तेव्हा त्याचे कोणते व्रत मोडत असते?

व्रतस्थाची गोष्ट घेतली तरी आमचा मुद्दा दुबळा होत नाही; उलट बळावतो. जपानात मांस दिसेल ते टाळता येते. न दिसणारा मासा टाळणे कठीण. तेथील बहुतेक आमट्या व रस्से 'दाशी' नावाच्या पाण्यावर उभे असतात, आणि ही दाशी पुष्कळदा वाळविलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेली असते. भाजीची वाटी समोर आली म्हणून ती निरामिष ठरत नाही. इंग्रजीतला 'व्हेजिटेरियन' हा शब्द उच्चारला की सर्व उलगडा झाला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडावी. त्या शब्दाने माशाचे पाणीही वगळले जाते, हे वाढणाऱ्यास उमगेलच असे नाही. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस व मासे आम्ही खात नाही, आणि 'साकाना नो दाशि देसु का', म्हणजे ही दाशी माशाची आहे काय, ही दोन वाक्ये ज्यास येतात त्याचे व्रत शाबूत राहण्याची आशा आहे. ज्यास येत नाहीत तो एक तर नकळत व्रत मोडतो, नाही तर चिवडा खाऊन उपाशी राहतो, आणि दोन्ही प्रकारांत दोष मात्र जपानला देतो. व्रताचे रक्षण डब्याने होत नाही, भाषेने होते.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आपला आचार सोडणार नाही हे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत इंग्रजीत सांगितले होते. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. ज्यांच्या घरी त्या प्रथम उतरल्या, त्या कार्पेंटरबाईंशी त्यांनी मावशीचे नाते जोडले होते. आहाराचे बंधन त्यांनीही पाळले, परंतु त्याची भिंत केली नाही. भाषा हाती असल्यामुळे नकार देतानाही त्या घरात त्या परक्या राहिल्या नाहीत.

आता सर्वांत मोठी गंमत पाहा. ज्या जपानात शाकाहाऱ्याचे हाल होतात असे आम्ही ऐकतो, तेथे शाकाहाराची परंपरा शतकानुशतकांची आहे. सम्राट तेन्मूने इ. स. 675 मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली होती. आणि सम्राट मेइजीने गोमांस उघडपणे खाल्ले ते 1872 मध्ये. मधल्या काळात तेथे मासळी होती, शिकारही होती. परंतु बौद्ध मठांतून 'शोजिन-रियोरी' नावाची जी पाकविद्या वाढली, तीत मांस नाही, मासा नाही, इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही नाही. दाशी काढावयाची तीही समुद्रशेवाळ व अळिंबीची. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या आजीबाईंनी निःशंकपणे जेवावे असे हे ताट आहे. वाकायामा प्रांतातील कोयासान डोंगरावर आजही कित्येक मंदिरांत प्रवाशांस उतरावयास मिळते व हेच जेवण मिळते: तिळाचे गोमा-दोफू, गोठवून वाळविलेले कोया-दोफू, ऋतूतल्या भाज्या, भात आणि लोणचे. याच वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राने 2013 मध्ये सहकार्याचा करार केला, आणि कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसविला गेला. इतके असूनही आमचा प्रवासी पुलावाची पाकिटे गरम पाण्यात बुडवीत बसतो, याला काय म्हणावे?

गोडाच्या बाबतीत तर परकेपणाचे निमित्तही उरत नाही. लाल अझुकी कडधान्य शिजवून, वाटून, साखर घालून जपानी लोक जे 'आन्को' करतात, ते पुरण नव्हे तर दुसरे काय? तांदळाच्या उकडीच्या पारीत ते भरले की मोदकाचा दूरचा भाऊ तयार होतो. क्योतोत तर 'कांगिदान' नावाचे तळलेले पक्वान्न 'कांगितेन' या देवतेस वाहतात, आणि हा कांगितेन म्हणजे भारतातून गेलेला आपला गणपतीच होय. गणपतीस तेथील मोदक चालतो. त्याच्या भक्तांस मात्र घरचे शंकरपाळे लागतात!

'आपले ते आपले' असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, आपले कोणते? ठेच्यातील मिरची, उपासाचा बटाटा, चटणीतील शेंगदाणा ही सर्व अमेरिकेची पिके. पोर्तुगीजांच्या काळात ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज. तेच पोर्तुगीज 1543 मध्ये जपानात उतरले, आणि जपानी मनुष्य पावास आजही 'पान' म्हणतो. आमच्या पूर्वजांनी परक्या मिरचीस नाक मुरडले असते, तर आज ज्या ठेच्याचा डबा घेऊन तुम्ही विमानात बसता तो ठेचा जन्मासच आला नसता.

भाषेविषयीची सबब अशी की, 'ती चित्रलिपी कोण शिकणार?' कोणी शिका म्हणतो तीच? बोलण्यापुरती वीस वाक्ये पुष्कळ झाली. आणि मराठी माणसास जपानी भाषा इंग्रजीपेक्षा अनेक बाबतींत जवळची आहे. क्रियापद आपल्याप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत नामापूर्वी येणारी अव्यये येथे आपल्या प्रत्ययांप्रमाणे मागाहून लागतात: 'तोक्यो नो' म्हणजे टोकियोचा, 'तोक्यो कारा' म्हणजे टोकियोहून, 'तोक्यो मादे' म्हणजे टोकियोपर्यंत. मानाची बोलणी निराळी व बरोबरीची निराळी, हेही आपल्या तू-तुम्ही-आपण जाणणाऱ्यास नवे नाही. चकचकीस 'पिकापिका' व गडगडाटास 'गोरोगोरो' म्हणणारी भाषा मराठी कानास परकी वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या काना लिपीच्या 46 अक्षरांचा आजचा क्रमसुद्धा आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध पंडितांनी सिद्धम् लिपीबरोबर नेलेल्या आपल्या वर्णमालेचीच ती छाया होय. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये व टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा शिकविली जाते. तेव्हा अडचण भाषेची नाही. इंग्रजी आली म्हणजे जग जिंकले, हा जो पदवीधरांचा जुना भ्रम, तो टोकियोच्या उपाहारगृहात फुटतो, आणि राग 'यांना इंग्रजीही येत नाही' या शब्दांत बाहेर पडतो.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींचीही आम्ही वकिली करीत नाही. कच्च्या माशाचा तुकडा काड्यांत धरून छायाचित्र काढविणारा व घरी राहिलेल्यांस मागासलेले ठरविणारा नवशिक्या हा त्याच पालथ्या घड्याचा दुसरा नमुना आहे. त्या पदार्थाचे नाव काय, तो कोणी कसा केला, हे त्यानेही विचारलेले नसते.

कोणी म्हणतील, 'पैसे आमचे, जीभ आमची. तुम्हांस काय त्याचे?' म्हणणे रास्त आहे. मग निकालही आपल्या जिभेपुरताच द्यावा. जपानवर देऊ नये.

प्रवासाची दुसरी कल्पना शोधावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्या याच घनसावंगी तालुक्यातील जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बारा वर्षे देश पायाखाली घातला. त्यांच्याबरोबर आचारी नव्हता. 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकात त्यांनी भिक्षेवर एक सबंध समास खर्च केला आहे, आणि भिक्षेच्या योगे लोकांशी ओळखी होतात, हे त्यात आवर्जून सांगितले आहे. घरोघरी उभे राहून, त्या घरच्या बोलीत दोन शब्द बोलून, जे पडेल ते झोळीत घेणाऱ्यास देश जसा कळतो, तसा तो बंद खिडकीआडून कळत नाही. आजच्या प्रवाशाने झोळी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. घेणाऱ्याची नम्रता तेवढी घ्यावी. जपानी मनुष्य जेवणापूर्वी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतो, म्हणजे मी हे नम्रपणे स्वीकारतो. ज्या घरांत भोजनापूर्वी श्लोक म्हणण्याची चाल आहे, त्यांस तरी हा भाव समजावा.

हा केवळ सुट्टीतल्या करमणुकीचा प्रश्न असता, तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. जानेवारी 2021 मध्ये भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. रुग्ण-वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी जपानी भाषेची परीक्षा देऊन आपल्या तरुणांस तेथे जाण्याची वाट मोकळी झाली. उद्या आमच्या खेड्यांतील मुलगा वा मुलगी पाच वर्षांसाठी तेथे जाईल. पाच वर्षांचे डबे कोणतीही आई भरून देऊ शकत नाही. एखाद्या जपानी आजोबांस घास भरविणाऱ्या मुलीस त्या घासाचे नावच उच्चारवत नसेल, त्याच्या वासानेच तिचे तोंड वाकडे होत असेल, तर तिची परीक्षा कागदावर उत्तीर्ण होऊनही फुकट आहे. ज्या घरांत पानात पडलेले न आवडले की लगेच दुसरे करून देण्याची चाल आहे, ती घरे आपल्या मुलांचे पंख त्यांच्याच जिभेस बांधून ठेवीत आहेत.

जपानकडून घेण्यासारखे काय असते, हे महाराष्ट्रास ठाऊक नाही असे नाही. तेथील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये भारतात महिला विद्यापीठ उभे केले, आणि तेथे शिक्षण दिले ते मातृभाषेतून. घेण्याची इच्छा असली म्हणजे एका पुस्तिकेतूनही विद्यापीठ निघते. नसली म्हणजे साऱ्या देशाच्या प्रवासातून खाण्याच्या तक्रारी तेवढ्या निघतात.

यास्तव आमची सूचना थोडक्यात अशी. निघताना चार डबे कमी घ्यावेत व वीस वाक्ये अधिक घ्यावीत. व्रत असेल ते निर्धाराने पाळावे. खोड असेल तीस व्रताचे सोवळे नेसवू नये. दिवसातले निदान एक जेवण स्वतः विचारून, स्वतः मागून जेवावे. आणि जपान पाहून आलेल्या गृहस्थास आपणही यापुढे दोनच प्रश्न विचारावेत: तेथे आपण काय नाकारलेत, आणि ते कोणत्या भाषेत नाकारलेत?